वन रूम किचन, पाच माणसं आणि वाढत चाललेला लॉकडाऊन: घरातलं वातावरण बरं कसं ठेवायचं?

लालबागकर_दुसरामजला | २ मे २०२०, सकाळी ९.४०

मंडळी, काल पुन्हा मुदत वाढली. आधी १४ एप्रिल, मग ३ मे, आता १७ मे. मुंबई रेड झोनमध्ये, म्हणजे सवलती आपल्याकडे नावालाच.

‘सकारात्मक राहा’ असे मेसेज ढिगानं येतात. राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. म्हणून इथे विचारतोय.

घर चाळीतलं, दोनशे चौरस फुटांच्या आतबाहेर, पुढे सामायिक गॅलरी. नवरा-बायको दोघांचं काम घरून चालू. मुलगी सातवीत, मुलगा बालवाडीत. वडील सत्तरी ओलांडलेले, त्यांचं बागेत जाणं बंद झाल्यापासून दिवसभर बातम्यांसमोर बसून करोनाचे आकडे मोजणं चालू असतं. झोपेचा पार बोऱ्या वाजलाय, रात्री दोनला डोळा लागतो आणि सकाळी नऊला उघडतो. भांडणं बहुधा संध्याकाळी होतात आणि कारण अगदी क्षुल्लक असतं, चार्जर कुणी काढला वगैरे. पत्ते, कॅरम, सकाळ-रात्रीचं रामायण, सगळं करून झालं. ‘छंद जोपासा’ सोडून काही सांगता आलं तर सांगा. खर्च शक्यतो नको.

मनोमयी | २ मे, सकाळी १०.२५

आधी एक गोष्ट बाजूला काढू. मन आनंदी ठेवायचं असं ठरवून ते राहत नाही, आणि नाही राहिलं की वर अपराधीपणाची भर पडते. आपल्याला हात घालता येतो तो दिवसाच्या आखणीला. उजेड, झोप, बसायची जागा आणि बातम्या एवढं मार्गी लागलं की चिडचिड बरीच उतरते. तुमच्या संध्याकाळच्या भांडणांचं मूळ बहुधा रात्रीच्या दोनमध्ये आहे, म्हणून झोपेपासून सुरू करा.

लवकर झोपायच्या मागे लागू नका, ते हटकून फसतं. झोप नसताना दहाला आडवं झालं की कूस बदलत डोक्यात हिशेब सुरू होतात, आणि अंथरूण ही काळजी करायची जागा आहे अशी मेंदूची समजूत होऊन बसते. पक्की करायची ती उठायची वेळ. आज नऊला उठताय ना, मग दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. दहाएक दिवसांत साडेसहावर याल. रविवारची सूट नाही, निदान पहिले तीन आठवडे तरी नाही. पहिले चार-पाच दिवस दुपारी डोळे मिटतील, तेवढं सोसावं लागतं.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत वीस मिनिटं गॅलरीत. चहा तिथेच घ्या. ट्यूबलाइटखाली खोलीत दीड-दोनशे लक्स उजेड असतो. बाहेर सकाळी सावलीतसुद्धा तो हजारांत मोजावा लागतो, दिवस वर आला की दहा हजारांच्या घरात जातो. शरीराचं घड्याळ लागतं ते सकाळी डोळ्यांवर पडणाऱ्या या उजेडानं. एरवी घरापासून स्टेशनपर्यंतच्या चालण्यात तो फुकट मिळायचा. २३ मार्चपासून लोकल बंद झाल्या, त्याबरोबर तोही गेला, हे कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं उजेडात असलं की झालं.

दुपारची झोप हवीच असेल तर तीनच्या आधी आणि वीस ते तीस मिनिटं, गजर लावून. त्याहून लांबली की गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं जड होतं आणि रात्र पुन्हा पुढे सरकते. शेवटचा चहा चारला. चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनी जेमतेम निम्मं उतरतं, त्यामुळे रात्री आठचा ‘अर्धा कप’ मध्यरात्रीनंतरही अंगात असतो.

आणखी एक. तासातासाचं टाइमटेबल भिंतीवर लावू नका. पाच माणसांच्या खोलीत ते तिसऱ्या दिवशी मोडतं आणि मग सगळंच सोडून दिलं जातं. दिवसाला तीन खुंट्या पुरतात: उठायची वेळ, सगळ्यांचं एकत्र दुपारचं जेवण, आणि दिवे बंद करायची वेळ. मधलं काय वाटेल ते हलू दे.

तिरकस | २ मे, सकाळी ११.०५

+१. त्यात माझी भर: १७ मे ही तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवू नका. मुदत वाढेल की नाही ते आपल्या हातात नाही, आणि प्रत्येक वेळी ‘आता सुटणार’ म्हणून धरलेला दम सुटला की दोन दिवस घर सुतकात असल्यासारखं वागतं. आखणी फक्त येत्या रविवारपर्यंतची करायची. रविवारी पुढच्या रविवारपर्यंतची.

आकडेमोड | २ मे, दुपारी १२.१५

वडिलांच्या आकड्यांबद्दल. टीव्ही बंद करा म्हणून ते बंद करणार नाहीत, आणि का करावा? आकडे बघायचेच असतील तर नीट बघायला शिकवा.

वाहिन्यांवर मोठ्या अक्षरांत दिसते ती एकूण रुग्णसंख्या. साथ सुरू झाल्यापासूनची ती बेरीज असते, ती कधीच कमी होत नाही. साथ उद्या थांबली तरी तो आकडा आहे तिथेच राहणार. म्हणजे जो माणूस दिवसभर हाच आकडा बघतो, त्याला चांगली बातमी मिळायची काही सोयच नाही. एका वहीत पाच रकाने आखून द्या: आजचे नवे, बरे होऊन घरी गेलेले, मृत्यू, सध्या उपचार घेणारे, आणि झालेल्या चाचण्या. एकूण संख्येतून बरे झालेले आणि मृत्यू वजा केले की उपचार घेणारे निघतात. नवे रुग्ण नेहमी चाचण्यांशेजारी ठेवून वाचायचे, कारण चाचण्या वाढल्या की रुग्णही जास्त सापडतात. एका दिवसाच्या चढउताराला अर्थ नसतो, सात दिवसांची सरासरी काढायला सांगा. आकड्यांची आवड असलेल्या माणसाला हे काम मनापासून आवडतं.

मुंबईचे आणि राज्याचे आकडे संध्याकाळनंतर येतात. सकाळपासून दुपारपर्यंत ‘ब्रेकिंग’ म्हणून फिरतात ते कालचेच. त्यामुळे दिवसभर टीव्ही चालू ठेवून हाती काही नवं लागत नाही. रात्री जेवणाआधी एकदा वीस मिनिटं आणि सकाळी पेपर, एवढ्यात सगळं कळतं. झोपायच्या आधीच्या दोन तासांत बातम्या नकोत.

पेपर घरी टाकणं मुंबईत सध्या बंद आहे, पण मोबाईलवर ई-पेपर मिळतो. अक्षर बारीक म्हणून आजोबा कंटाळतात. नातीनं रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवायचा, शेवटी अग्रलेख. सातवीतल्या मुलीचं मराठी वाचनही त्यात सुधारेल, फक्त हे तिला सांगू नका.

व्हॉट्सॲपवर ज्या मेसेजवर दोन बाणांचं चिन्ह असतं तो खूप हातांतून फिरून आलेला असतो. ७ एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. घरात नियम ठेवा: दोन बाणवाला मेसेज मोठ्यानं वाचायचा नाही. ग्रुप सोडायचा म्हणजे नातेवाइकांत रुसवेफुगवे. त्यापेक्षा एक वर्षासाठी म्यूट करा आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं सेटिंगमधून बंद करा. रोजचा दीड जीबी डेटा तिथेच संपतो आणि मग ऑफिसच्या मीटिंगच्या वेळी बोंब.

पंखावारा | २ मे, दुपारी २.५०

झोपेबद्दल मनोमयींनी सगळं सांगितलं, पण मे महिन्यात बंद खोलीत पाच माणसं झोपणार कशी, ते राहिलं.

ओली चादर किंवा ओला पडदा लावू नका. हा नागपूरचा उपाय आहे. तिथली हवा कोरडी, पाणी झपाट्यानं उडतं आणि गारवा येतो. मुंबईत हवेत आधीच इतकी वाफ असते की पाणी उडत नाही, उलट खोलीत दमटपणा वाढतो आणि घाम वाळत नाही. याच कारणानं रात्री खोलीत कपडेही वाळत घालू नका.

टेबलफॅन असेल तर तो आपल्याकडे तोंड करून न ठेवता खिडकीकडे, बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवा. खिडकीला चिकटवून नाही, दोन-तीन फूट आत. समोरचं गॅलरीकडचं दार उघडं हवं, जाळीचं असेल तर उत्तम. भिंती आणि स्लॅब दिवसभर तापलेले असतात, त्यामुळे रात्री नऊनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरी असते. फॅन आतली गरम हवा ढकलून देतो आणि दारातून नवी येते. झोपायच्या आधी तास-दीड तास हे चालवायचं. दुपारी करू नका, तेव्हा बाहेरची झळ आत ओढली जाईल. दुपारी ऊन येणारी खिडकी जाड कापडानं बाहेरच्या बाजूनं झाका. पडदा आतून लावला तर काचेतून उष्णता आत येऊन गेलेली असते.

रात्रीचा स्वयंपाक सातच्या आत उरका. ओट्यावरचा गॅस दहा वाजेपर्यंत चालू असेल तर वरचे सगळे उपाय फुकट.

लालबागकर_दुसरामजला | २ मे, दुपारी ३.३०

सगळ्यांचे आभार. टेबलफॅन आहे, आजच फिरवतो. दोन शंका. एक म्हणजे दोघांची मीटिंग एकाच वेळी असते आणि जागा एकच. दुसरी: डोक्यात काळज्यांचं चक्र चालू असतं, त्यात पगार कापला जाण्याची धास्ती आणि घराच्या कर्जाचा हप्ता. त्याचं काय करायचं?

ओटा_आणि_ऑफिस | २ मे, संध्याकाळी ५.१०

जागेचं सांगते.

आधी दोघांच्या मीटिंगांची यादी समोरासमोर ठेवा. ज्या मीटिंगमध्ये फक्त ऐकायचं असतं ती मोबाईलवर, कॅमेरा बंद, इअरफोन लावून गॅलरीच्या टोकाला किंवा जिन्याच्या वळणावर होऊ शकते. व्हिडिओ बंद केला की डेटाही कितीतरी कमी लागतो. व्हिडिओ चालू असेल तर तासाला साधारण अर्धा ते एक जीबी धरा. बोलायचं असेल त्याला खोली. दोघांनाही बोलायचं असेल तर एकानं ऑफिसला पंधरा मिनिटं पुढे-मागे करायला सांगावं. सगळ्यांच्याच घरी हे चाललंय, कुणी नाही म्हणत नाही.

स्वयंपाकाचा ओटा हे दुसरं टेबल. त्याची उंची साधारण बत्तीस-चौतीस इंच असते, उभ्यानं लॅपटॉप चालवायला ती कमी पडते आणि अर्ध्या तासात मान धरते. लॅपटॉपखाली सहा ते आठ इंचांचा आधार द्या, तांदळाचा चौकोनी डबा चालतो. कोपर काटकोनात आली की उंची बरोबर. गॅसच्या विरुद्ध टोकाला आणि नळापासून हातभर लांब. उभं राहून एका वेळी तास, त्याहून जास्त नको. इस्त्रीचं उंची बदलणारं टेबल घरात असेल तर ते ओट्याहून सरस.

बसायच्या जागेमागे पडदा हवाच. जुनी सुती साडी दुहेरी करून दोन खिळ्यांमध्ये ताणलेल्या नायलॉनच्या दोरीवर टाका. ताण नीट बसावा म्हणून एका टोकाला गाठीऐवजी एस आकाराचा हूक लावा, म्हणजे काम झाल्यावर दोरी काढून ठेवता येते. पडद्यानं आवाज थांबत नाही, ते त्याचं कामही नाही. पडदा ओढलेला असताना हाक मारायची नाही, हा त्याचा उपयोग.

आणि ऑफिसच्या पलीकडची गोष्ट: घरातल्या प्रत्येकाला रोज पाऊण तास असा हवा की ज्यात त्याला कुणी काही विचारणार नाही. बायकांना हा वेळ कधीच मिळत नाही, कारण पुरुष घरी असले की चहाच्या फेऱ्या वाढतात. धुणं, भांडी, केर, स्वयंपाक, बाहेरून सामान आणणं आणि ते धुऊन ठेवणं ही कामं कागदावर लिहून नावानिशी वाटा. ‘मदत करतो’ म्हणून भागत नाही. भांडी ज्याच्या नावावर, त्यानं साबण संपत आला की यादीत लिहिणंही त्यातच आलं.

तिरकस | २ मे, संध्याकाळी ६.००

पैशाचं मी सांगतो, कारण या काळजीवर प्राणायाम हा उपाय नव्हे.

रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला १ मार्च ते ३१ मे या काळातले हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. हप्ता टळतो, व्याज टळत नाही. समजा ३० लाख बाकी आहेत आणि दर साडेआठ टक्के, तर महिन्याचं व्याज २१,२५० रुपये. तीन महिन्यांचं मिळून ६४ हजारांच्या आसपास मुद्दलात जाऊन बसतं आणि पुढची कित्येक वर्षं त्यावरही व्याज चालतं. कर्ज नवं असेल तर फटका जास्त. म्हणून पगार चालू असेल तर हप्ता भरा. पगार खरंच थांबला तर मुभा घ्या, त्यात कमीपणा नाही आणि थकबाकीदार म्हणून नोंदही होत नाही.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी: भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी असं राज्याच्या गृहनिर्माण विभागानं १७ एप्रिलला घरमालकांना सांगितलंय. पुढे ढकलणं म्हणजे माफी नव्हे, हे मात्र दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावं.

विजेचं बिल सध्या सरासरीनं येतंय, कारण मीटर बघायला माणूस येत नाही. ही सरासरी थंडीच्या महिन्यांची आहे. आता घरात सगळे दिवसभर, पंखे अखंड चालू. रीडिंग पुन्हा सुरू झालं की फरकाचं भलंमोठं बिल अंगावर येणार. मीटरचा फोटो काढून वीज कंपनीच्या ॲपवर किंवा साइटवर स्वतः रीडिंग भरता येतं, ते दर महिन्याला करा. निदान नेमकं किती देणं आहे ते कळत राहील.

एका कागदावर तीन ओळी: हाताशी किती, दर महिन्याला टळणार नाही असं किती, आणि त्यावर किती महिने निघतील. आकडा वाईट निघाला तरी तो एकदा कागदावर आला की रात्री दोनला पुन्हा मोजावा लागत नाही.

मनोमयी | २ मे, रात्री ८.२०

तिरकस यांचा कागद हा अर्धा उपाय झाला. उरलेल्या काळज्यांसाठी रोजची वेळ नेमून द्या: संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा, खाली बसून, वही-पेन घेऊन. दिवसभरात काळजी आली की दोन शब्दांत वहीत टिपायची आणि साडेपाचवर ढकलायची. साडेपाचला एकेक वाचून दोन रकान्यांत घालायची. ज्यावर उद्या काही करता येईल ती डावीकडे, सोबत पहिली कृती (‘एचआरला मेल’, ‘बँकेची साइट बघणे’). बाकीच्या उजवीकडे, त्यांच्यापुढे काही लिहायचं नाही. पावणेसहाला वही बंद करून लगेच हाताचं काम, भाजी चिरणं किंवा अंघोळ.

यात तीन ठिकाणी चुकतं. लोक हे अंथरुणावर करतात. नवरा-बायको मिळून करतात आणि एकाची काळजी दुसऱ्याला चिकटते. आणि चौथ्या दिवशी ‘आज काही नाही’ म्हणून वही उघडतच नाहीत. काही नसलं तरी पंधरा मिनिटं बसायचं, नाहीतर मन ही वेळ खरी मानत नाही.

अंग तापल्यासारखं, छातीत धडधड असं अचानक झालं तर श्वास: चार आकडे घेताना, सहा सोडताना, नाकानं, पाच मिनिटं. जोरजोरानं खोल श्वास घेऊ नका. त्यानं बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो.

चौकातली_सावली | ३ मे, सकाळी ७.३०

मुलं आणि आजोबा यांची एक जोडी करून टाका. दोघांनाही वेळ घालवायला नकोय, रोज पुढे सरकणारं काहीतरी हवंय.

पहिलं: १५ मेच्या सुमारास मुंबईत शून्य सावली दिवस असतो. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाशीच लपते. वेळ दुपारी १२.३५च्या आसपास. गंमत त्याआधीच्या पंधरवड्यात आहे. चाळीच्या चौकात किंवा गच्चीवर सपाट जागी एक फुटाची सरळ बाटली ठेवा, रोज १२.३५ला सावलीचं टोक खडूनं खुणवा आणि लांबी लिहा. या आठवड्यात ती दोन सेंटिमीटरच्या आतच भरेल आणि उत्तरेकडे पडेल. रोज थोडी आखडत जाईल. १५ नंतर तीच सावली दक्षिणेकडे पडायला लागेल, आणि जुलैच्या अखेरीला सूर्य परतताना पुन्हा शून्य होईल, अर्थात तेव्हा ढग बघू देणार नाहीत. खिडकीत हे जमत नाही, त्या वेळी ऊन सरळ वरून पडतं. चौकात जायचं तर एकच मोठा माणूस आणि मुलगी, मास्क लावून, पाच मिनिटं. गच्चीला कुलूप असेल तर किल्ली कमिटीकडून रीतसर मागून घ्या. बाटली वाकडी असेल तर सावली शून्य होत नाही, म्हणून दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा करा आणि त्यानं तपासा.

गॅलरी पश्चिमेकडे असेल तर दिवेलागणीनंतर तिकडे दिसणारा सर्वांत ठळक ‘तारा’ म्हणजे शुक्र. सध्या नऊ-साडेनऊपर्यंत दिसतो. रोज त्याच वेळी बघितलं तर तो खाली खाली येताना कळतो, महिनाअखेरीला दिसेनासा होईल. तोवर सुट्टी नाही!

दुसरं: मेथी. वाण्याकडची नेहमीची मेथी दोन मोठे चमचे, रात्रभर भिजवून. मिठाईच्या प्लास्टिक डब्याला तळाशी तापवलेल्या खिळ्यानं आठ-दहा भोकं, त्यात दोन इंच माती. दाणे दाट पसरा, वर पाव इंच माती भुरभुरा, कोंब येईपर्यंत सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत कोंब, मग सकाळचं ऊन. पाणी ओतायचं नाही, झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीनं सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं. दहा-बारा दिवसांत तीन-चार इंच झाली की कात्रीनं कापा, थालीपिठापुरती निघते. रोपं उंच, पिवळी आणि लोळणारी झाली तर उजेड कमी पडतोय. पहिल्या डब्यानंतर चार दिवसांनी दुसरा लावा, म्हणजे कायम एक डबा वाढत असतो. कोथिंबीर आत्ता नको, मेच्या उकाड्यात ती रुसते.

आजोबांच्या पायांसाठी: गॅलरी चाळीस फुटांची असेल तर टोकापासून टोकापर्यंत पन्नास वेळा चाललं की सहाशे मीटर होतात. सकाळी सहाला, वर्दळ नसताना. शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. खुर्ची भिंतीला टेकवलेली. मुलांना दोरीवरच्या उड्या मारू देऊ नका, खालच्या मजल्यावर धूळ पडते आणि मग वेगळाच लॉकडाऊन सुरू होतो.

रात्रपाळी | ३ मे, दुपारी १.४०

धागा उत्तम चाललाय. फक्त कुठे थांबायचं, तेवढं लिहितो.

झोप, भूक, कामातलं लक्ष आणि नेहमीच्या गोष्टींतला रस असं सगळं मिळून दोन आठवडे बिघडलेलं असेल तर उजेड आणि वही यांवर विसंबू नका, बोलायला माणूस गाठा. मुंबई महापालिका आणि एमपॉवर यांची हेल्पलाइन १८००-१२०-८२००५०, चोवीस तास, मोफत. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ०२२-२५५२११११. मराठीत बोलता येतं. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कुणाच्या तोंडी आली तर दोन आठवडे वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर दुकानात मिळाल्या नाहीत म्हणून परस्पर बंद करू नका. मार्चअखेरपासून डॉक्टरांना फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून औषध लिहून द्यायची रीतसर मुभा आहे. आठवड्याभराच्या गोळ्या उरल्या की हालचाल सुरू करायची.

दारूची दुकानं बंद असल्यानं रोज पिणाऱ्यांची अचानक सुटली आहे. हात थरथरणं, घाम, झोप उडणं पहिल्या दिवसापासून दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भलतंच दिसायला लागलं, बरळणं किंवा झटका आला तर ते मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही. जिवाला धोका असतो, सरळ रुग्णालयात न्या. सॅनिटायझर पिण्याचे प्रकार ऐकू येतात, ती बाटली नजरेआड ठेवा.

घरात मारहाण होत असेल तर १०० किंवा महिलांसाठी १०३. शेजाऱ्यांनी केला तरी चालतो.

आणि हात किती वेळा धुवायचे, पिशव्या किती वेळा पुसायच्या ते एकदाच ठरवून टाका. बाहेरून आल्यावर, शिंकल्या-खोकल्यावर, संडासाला जाऊन आल्यावर आणि खायच्या आधी, वीस सेकंद साबणानं. भाजी वाहत्या साध्या पाण्यानं. साबण किंवा फिनेल लावू नका, ते पोटात जातं. त्यापलीकडे परत परत धुणं सुरू झालं असेल तर वरच्या हेल्पलाइनचाच नंबर.

लालबागकर_दुसरामजला | ७ मे, सकाळी ८.१५

मेथीला कोंब आलेत, पण मुळांशी पांढरी लव दिसते. बुरशी असेल तर डबा टाकून द्यायचा का? दुसरा उद्या लावायचा आहे.

चौकातली_सावली | ७ मे, सकाळी ८.५०

घाई नको. पाणी शिंपडून बघा. शिंपडल्यावर लव दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच आहे, खुशाल वाढू द्या. कोळिष्टकासारखी दाण्यादाण्यांत पसरली असेल, शिंपडून जात नसेल आणि कुबट वास येत असेल तर बुरशी. मग तेवढा भाग चमच्यानं मातीसकट काढा, एक दिवस पाणी बंद, आणि डबा वारा लागेल असा ठेवा. बहुतेक वेळा तळाची भोकं बुजलेली असतात, डबा जमिनीवर टेकवलेला असला की हमखास. खाली दोन पेन्सिली सारून तो उचलून ठेवा. दुसऱ्या डब्यात दाणे थोडे कमी घाला, दीड चमचा बास.